परदेशी पदवीचा मोह आणि स्वदेशी विद्यापीठांची उपेक्षा

डोंबिवली, विलेपार्ले, पुण्याची सदाशिव पेठ, नागपूरची धरमपेठ या वस्त्यांनी संघकार्याला पिढ्यान्‌पिढ्या माणसे दिली आणि बैठकांसाठी घरे खुली ठेवली. त्याच घरांत आज एक प्रश्न सर्वत्र सारख्याच उत्कंठेने विचारला जातो : पदवीनंतर मुलगा कुठे जाणार? ‘कुठे’ याचा अर्थ कोणत्या शहरात असा आता राहिलेला नाही. कोणत्या देशात, असा आहे. त्यासाठी राहती जागा बँकेकडे तारण पडते, निवृत्तीची पुंजी मोडली जाते आणि कालपर्यंत स्वदेशीवर तळमळीने बोलणारा गृहस्थ डॉलरचा भाव पाहून रात्री अस्वस्थ होतो.

या कुटुंबांच्या देशभक्तीविषयी शंका घेणे हा शुद्ध अन्याय ठरेल. बौद्धिक वर्गांतून परदेशी जाणाऱ्या तरुणांवर टीका करणे सोपे आहे, टाळ्याही मिळतात. परंतु तरुण का जातो, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. 2024-25 या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत 3 लाख 63 हजार भारतीय विद्यार्थी होते; चीनलाही मागे टाकून भारत तेथे पहिल्या क्रमांकावर आहे. उलट 2021-22 च्या सरकारी सर्वेक्षणानुसार सर्व देशांतून भारतात शिकायला आलेले विद्यार्थी होते सुमारे 47 हजार, आणि त्यांतील सर्वांत मोठा गट आपल्या शेजारच्या नेपाळचा. ज्या देशाच्या नालंदेत सातव्या शतकात ह्युएन त्संग हजारो कोसांची पायपीट करून शीलभद्रांच्या चरणी बसला, त्या देशाचे हे आजचे चित्र आहे.

परदेशी पदवीभोवतीचे वलय प्रथम दूर केले पाहिजे. केंब्रिज किंवा एमआयटी यांची गोष्ट वेगळी. तेथील ग्रंथालये, प्रयोगशाळा, विद्यार्थ्याला प्रश्न विचारू देणारे अध्यापक, विषय निवडण्याची मोकळीक, हे सारे खरे आहे आणि ते मान्य केल्याने स्वाभिमानाला कोणतीही बाधा येत नाही. पण आपल्या मध्यमवर्गातील किती मुले त्या दारांतून आत जातात? बहुसंख्य मुले जातात ती एक-दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, ज्या संस्थांची नावे त्या देशातील सुशिक्षित माणसालाही चटकन आठवत नाहीत. इंग्लंडमध्ये तेथील विद्यार्थ्यांच्या शुल्कावर सरकारची मर्यादा आहे. बाहेरून येणाऱ्यावर तशी मर्यादा नाही. त्यामुळे तेथील अनेक विद्यापीठांचा ताळेबंद आपल्याकडील पालकांच्या कर्जावर जुळवला जातो. गोऱ्या साहेबाच्या मुलाचे शिक्षण अंशतः डोंबिवलीच्या तारण सदनिकेवर चालते, असे कोणी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

आणि गरज सरली की दार बंद. इंग्लंडने शिक्षणानंतर काम करण्याची मुभा 2012 मध्ये काढून घेतली, 2021 मध्ये पुन्हा दिली आणि 2024 पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्यास मनाई केली. कॅनडाने 2024 च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याबरोबर तेथील अनेक महाविद्यालयांना अभ्यासक्रम आणि कर्मचारी कमी करावे लागले. ती महाविद्यालये कोणाच्या पैशावर चालली होती, ते यावरून कळावे. अमेरिकेने 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. एका सहीसरशी हजारो घरांची गणिते कोलमडली. त्या देशांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपले राष्ट्रहित पाहतात. आपले राष्ट्रहित कोण पाहतो, हा प्रश्न आहे.

विद्येसाठी समुद्र ओलांडणे हे आपल्याकडे कधीच पाप नव्हते. निदान ज्यांनी राष्ट्र घडवले त्यांनी ते मानले नाही. श्यामजी कृष्ण वर्मांनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीवर सावरकर 1906 मध्ये लंडनला गेले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि पुढे त्यांनी स्वतः पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. रँग्लर परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत सर्वप्रथम आले. साम्राज्यातील कोणतीही मानाची जागा त्यांना मिळाली असती. ते परतले फर्ग्युसन महाविद्यालयात, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांच्या तुटपुंज्या वेतनावर. विष्णु सीताराम सुखटणकरांनी केंब्रिज आणि बर्लिन येथे अध्ययन केले आणि ती जर्मन शिस्त पुण्याच्या भांडारकर संस्थेत आणून महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीला आयुष्य दिले. 1919 मध्ये सुरू झालेले ते काम 1966 मध्ये पूर्ण झाले. सुखटणकर 1943 मध्येच गेले होते. काशी हिंदू विद्यापीठाचे पदवीधर जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये कीर्ती मिळवून 1972 मध्ये स्वदेशी आले आणि 1988 मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ उभारली.

या सर्वांत एक समान धागा आहे. ते गेले तेव्हा परतून यायला येथे एक जागा होती, किंवा जागा निर्माण करू देणारा समाज होता. आज बोस्टनमध्ये संशोधन करणाऱ्या एखाद्या तरुणीने परत येऊन आपल्याच विद्यापीठात शिकवायचे ठरवले, तर तिला काय मिळेल? बहुधा तासिका तत्त्वावरील नेमणूक! जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. सुट्टीत काही नाही. आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेले हजारो प्राध्यापक महाराष्ट्रात आज अशाच अवस्थेत आहेत. ज्या समाजात गुरूला रोजंदारीवर ठेवले जाते, त्याने गुरुपौर्णिमेचे उत्सव कोणत्या तोंडाने साजरे करावेत?

लंडनने टाकलेला साचा

या अवस्थेचे मूळ बरेच मागे जाते. मेकॉलेचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु आजच्या विद्यापीठांचा सांगाडा त्याच्या टिपणातून आला नाही. तो आला 1854 च्या वुडच्या खलित्यातून. त्यानुसार 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या विद्यापीठाचे मुख्य काम शिकवणे हे नव्हतेच; संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या. साम्राज्याला हवे होते प्रमाणपत्रधारी नोकर. त्यांना ज्ञान निर्माण होते की नाही, याच्याशी कर्तव्य नव्हते. गंमत अशी, की खुद्द लंडनने 1898 मध्ये कायदा करून आपले विद्यापीठ अध्यापन करणारे विद्यापीठ केले. साहेबाने जुना कोट टाकून दिला. आपण तो ठिगळे लावून अद्याप अंगावर वागवत आहोत.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी पूर्वतयारी न करता उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी सुरू केली आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल महिनोन्‌महिने रखडले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. अनेकांचे पुढचे प्रवेश त्या काळात अडचणीत आले. ज्या संस्थेचे जन्मापासूनचे मुख्य काम परीक्षा घेणे हेच, तिला परीक्षाही घेता येऊ नये! पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाची गोष्ट वेगळी नाही. राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या गटात 2024 मध्ये 23 व्या स्थानावर असलेले हे विद्यापीठ 2025 मध्ये 56 व्या स्थानावर घसरले. कारणांत सर्वांत मोठे कारण जुनेच : निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. ज्या शहराला पूर्वेचे ऑक्सफर्ड म्हणवून घेण्याची हौस आहे, त्याच्या विद्यापीठातील विभाग रिकाम्या खुर्च्यांवर चालले आहेत.

भारतीय मातीत काही उगवत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. चंद्रशेखर व्यंकट रमण मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकले आणि 1928 मध्ये कलकत्त्यात लावलेल्या शोधासाठी 1930 मध्ये नोबेलचे मानकरी झाले. डॉ. विजय भटकरांचे शिक्षण नागपूर, बडोदा आणि दिल्ली येथे झाले. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘सी-डॅक’ने 1991 मध्ये ‘परम’ उभा केला. बुद्धीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो तिला जोपासण्याच्या इच्छेचा.

दोष केवळ डाव्यांचा?

पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींनी अनेक दशके समाजशास्त्रे आणि इतिहासाचे विभाग आपली जहागीर मानली, वेगळा विचार मांडणाऱ्याला दारातच अडवले आणि विद्येपेक्षा गटाची निष्ठा मोठी केली, हे सत्य आहे. पण तेवढे सांगून सुटका होत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरण नसणे, गणिताच्या विभागात दोनच प्राध्यापक उरणे, याला कोणता मार्क्स जबाबदार? केंद्रात 2014 पासून राष्ट्रीय विचारांचे सरकार आहे. महाराष्ट्रातही त्यानंतरचा बराच काळ तसाच गेला. म्हणून प्रश्न विचारण्याचे दायित्व राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यावर इतरांहून अधिक आहे, कमी नाही.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा सांगितले. त्याच धोरणात संलग्नतेची पद्धत 15 वर्षांत संपवण्याचा संकल्प आहे, आणि तो खरोखर ऐतिहासिक आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या जागा 2014 मध्ये 51 हजारांच्या आसपास होत्या, त्या दुपटीहून अधिक झाल्या. मनात आणले तर होते, याचा हा पुरावा. मात्र संशोधनावरील देशाचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. चीन दोन टक्क्यांच्या बराच पुढे गेला आहे. विश्वगुरू या शब्दाचा उच्चार करण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

नालंदेचा अभिमान सर्वांनाच आहे. खिलजीच्या टोळ्यांनी तिचा विध्वंस केला, हे शाखेतील बालस्वयंसेवकही सांगतो. परंतु ती कशावर उभी होती, हे सांगणारे थोडे. ह्युएन त्संगाच्या चरित्रात नोंद आहे, की शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला लावून दिलेले होते. तांदूळ, तूप, दूध तेथून रोज येई. म्हणून अध्यापक आणि विद्यार्थी यांना पोटाची चिंता न करता विद्येत राहता येई. मालवीयजींनी 1916 मध्ये काशीचे विद्यापीठ उभारले तेही राजांपासून सामान्यांपर्यंत सर्वांपुढे झोळी पसरून. आजचा सुखवस्तू हिंदू गृहस्थ मुलाच्या परदेशी शुल्कासाठी 40-50 लाख उभे करतो. स्वतः ज्या महाविद्यालयात नाममात्र शुल्कात शिकला, त्याच्या ग्रंथालयाला त्याने कधी चार पुस्तके दिली आहेत काय?

एका विषयात तर ही उपेक्षा लाजिरवाणी आहे. ऑक्सफर्डमधील संस्कृतचे बोडेन अध्यासन 1832 मध्ये भरले गेले. भारतीयांच्या ख्रिस्तीकरणास साह्य व्हावे, हा हेतू देणगीदाराने मृत्युपत्रातच लिहून ठेवला होता. आणि आज संस्कृतमध्ये उच्च संशोधन करू इच्छिणारा मराठी विद्यार्थी त्याच ऑक्सफर्डचे किंवा शिकागोचे दार ठोठावतो. डेक्कन महाविद्यालयात 1948 मध्ये सुरू झालेला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प अजून पूर्णत्वापासून दूर आहे. धर्मांतराच्या ध्येयाने दिलेला पैसा दोन शतके टिकतो. धर्माभिमानाने दिलेला पैसा आपल्या कोशाला पुरत नाही!

आता परदेशी विद्यापीठेच आपल्या दारी येत आहेत. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबईत त्यांची संकुले उभी राहतील. यातून काही परकीय चलन वाचेल, थोडी स्पर्धाही होईल. त्यांचे स्वागत अवश्य करावे. पण तेथील शुल्क जव्हारच्या किंवा उमरग्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला झेपणारे नसेल. तिच्या वाट्याला तालुक्याचे महाविद्यालयच येणार, जिथे इंग्रजी शिकवणारा दर जूनला बदलतो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा प्रतिनिधी निवडून जातात. लोकसभेच्या मतदानाला पहाटे रांगेत उभे राहणारी, घरोघर मतदार-चिठ्ठ्या वाटणारी किती घरे या यादीत आपले नाव नोंदवतात? पुढच्या निवडणुकीपूर्वी प्रत्येक नगरातील कार्यकर्त्यांनी पदवीधरांची नोंदणी पूर्ण करावी आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो आपल्या विचारांचा असला तरी, विचारावे : आपल्या विद्यापीठात प्राध्यापकांच्या किती जागा रिक्त आहेत, त्या कोणत्या वर्षापासून रिक्त आहेत, आणि त्यांवर तासिका तत्त्वाने शिकवणाऱ्यांचे मानधन कोणत्या महिन्यापासून थकले आहे?