संगणक शिकू, पण बिंदूनामावली सोडणार नाही

"बदलाशी जुळवून घ्या." सरकारी कार्यालयांतल्या आढावा बैठकीत हे वाक्य आता नेहमीचेच झाले आहे. कागदाची नस्ती जाते आहे, ई-ऑफिस येते आहे. आवक-जावक नोंदवहीच्या जागी स्कॅनर बसतो आहे. हजेरीपटाऐवजी बोटाचा ठसा द्यावा लागतो आहे. यावर जो लिपिक प्रश्न विचारतो, त्याच्यावर 'जुन्या वळणाचा' असा शिक्का बसतो. आणि हे वाक्य सुनावणारे साहेब? त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीची किल्ली अनेकदा त्याच लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते!

आम्ही बदलाचे विरोधक नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या समाजाइतकी बदलाची गरज या देशात कोणाला होती? गावगाड्याच्या कारभारात टपाल पोचवणे, दवंडी देणे, सरकारी माणसामागे धावणे ही कामे वतनाच्या नावाखाली पिढ्यानपिढ्या आमच्या माथी मारली गेली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही बेडी तोडण्यासाठीच. जुनी व्यवस्था टिकावी असे वाटण्याचे आम्हाला काही कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. जुळवून कोणी घ्यायचे, आणि बदलाचा लाभ कोणाच्या पदरात पडायचा?

प्रशासकीय 'सुधारणा' नेहमी निष्पाप शब्दांत येते. 1892 साली इंग्रजांनी सैन्याची फेररचना केली आणि महारांची सैन्यभरती बंद झाली. तलवार उपसून कोणी आले नव्हते, फक्त भरतीचे नियम बदलले होते. ज्या नोकरीमुळे आमच्या काही घरांत अक्षर आणि निवृत्तिवेतन पोचले होते, तिचे दार एका आदेशाने बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. एका समाजाचे भवितव्य नियमपुस्तिकेच्या एका पानावर ठरते, हे त्या पिढीने ओळखले होते. आपण ते विसरलो तर त्यांच्यापेक्षा मागे गेलो असे म्हणावे लागेल.

आता आजच्या कार्यालयात या. कोणत्या टेबलावर कोण बसतो ते पाहा. आम्ही पाहिलेल्या अनेक कार्यालयांत आस्थापना, लेखा, निविदा ही टेबले ठरावीक मंडळींकडे फिरत राहतात. आपल्या पोरांच्या वाट्याला आवक-जावक, अभिलेख कक्ष, टपालवाटप येते. ई-ऑफिस आले की सर्वात आधी कोणती टेबले आकसतात? हीच! टपाल स्कॅन झाले की थेट अधिकाऱ्याच्या पडद्यावर दिसते. नोंदवही लिहिणारा हात रिकामा होतो. मग त्या हाताला नवे काम शिकवायचे की त्याला 'अतिरिक्त' ठरवायचे, हा निर्णय यंत्र घेत नाही, माणूस घेतो. आणि त्या माणसाला जात असते.

पुढची पायरी म्हणजे सुधारित आकृतिबंध. हा शब्द ज्याला कळत नाही, त्याने तो आजच समजून घ्यावा. कार्यालयात कोणती पदे किती राहतील याचा मंजूर तक्ता म्हणजे आकृतिबंध. 'संगणकीकरणामुळे कामाचा भार कमी झाला' असे एक वाक्य टिपणीत लिहिले जाते आणि रिक्त पदे निरसित होतात. रिक्त पदे कोणती? ज्यांचा अनुशेष वर्षानुवर्षे भरला नाही, तीही त्यांत असतात. पद गेले की बिंदूनामावलीतला बिंदू गेला. बिंदू गेला की अनुशेषही गेला. आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याची ही रीत आहे. आरक्षणविरोधी भाषण करणाऱ्याला आपण रस्त्यावर अडवतो. आकृतिबंधाच्या टिपणीकडे मात्र आपले लक्षही जात नाही.

काम तर संपत नाही. मग ते कोण करतो? बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदार संस्थेमार्फत आलेला डेटा एंट्री ऑपरेटर. 2001 चा महाराष्ट्राचा आरक्षण अधिनियम 45 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुका वगळतो. म्हणजे त्याहून लांब मुदतीची नेमणूक सरकारने स्वतः केली तर आरक्षणाचा प्रश्न उभा राहतो. कंत्राटी संस्था मधे घातली की कागदोपत्री मालक बदलतो आणि सरकार हात झटकते. खुर्ची सरकारची, संगणक सरकारचा, काम सरकारचे. फक्त माणूस 'संस्थेचा'. त्या खुर्चीवर बसलेला कंत्राटी पोरगाही बहुधा आपलाच असतो, हे विसरू नका. त्याला ना वेतनश्रेणी, ना पदोन्नती. भांडण त्याच्याशी नाही, त्याला असे बसवणाऱ्या धोरणाशी आहे.

6 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी पदांची वर्गवारीही केली. राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबर अखेर तो निर्णय रद्द झाला. सत्ताधारी म्हणाले, सुरुवात विरोधकांनी केली; विरोधक म्हणाले, पाप सत्ताधाऱ्यांचे. आमच्या दृष्टीने दोघांचे म्हणणे एकमेकांविरुद्धचा पुरावा म्हणून उपयोगी आहे. "निर्णय रद्द झाला ना, आता काय?" असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर असे की, एक कागद रद्द झाला, विचार रद्द झालेला नाही. आपल्या तालुक्याच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात जा आणि संगणकासमोर बसलेल्यांपैकी कायम किती, कंत्राटी किती, ते स्वतः मोजा.

जे कायम आहेत त्यांची अवस्था काय? मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी पदोन्नतीतील आरक्षणाचा 2004 चा शासन निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचा मार्ग धरला. घटनेत 16(4अ) हे कलम 1995 सालापासून आहे, तरी आपला लिपिक लिपिकच राहतो. त्याच्याकडून नवी प्रणाली शिकण्याची अपेक्षा आहे, वर जाण्याची नाही. जुळवून घेण्याचे कर्तव्य त्याचे, बढती दुसऱ्याची!

आता थोडे आपल्या माणसांबद्दल. आपल्यातले काही कर्मचारी म्हणतात, "आमची पाच वर्षे राहिली, कशाला शिकायचे?" आणि शेजारच्या कंत्राटी मुलाला आपला पासवर्ड देऊन मोकळे होतात. बंधूंनो, भगिनींनो, हा आत्मघात आहे. ई-ऑफिसमध्ये नस्ती कोणाच्या लॉगिनमधून किती वाजता पुढे गेली याची नोंद राहते. उद्या चौकशी लागली तर नाव तुमचे निघेल. साहेबांची स्वाक्षरीची किल्ली वापरून 'साहेबांनीच सांगितले' म्हणणेही तुम्हाला वाचवणार नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे. तो आरोप कोणावर ढकलला जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. किल्ली परत करा, आणि ती परत केल्याचे लेखी ठेवा.

हीच नोंद आपले हत्यारही होऊ शकते. पूर्वी आपल्या माणसाची नस्ती कोणत्या कपाटात दाबली गेली हे सिद्ध करता येत नसे. आता ती कोणाच्या खात्यात किती दिवस पडून होती ते दिसते. ज्याला प्रणाली येते, त्यालाच हे दिसते. म्हणून शिकायचे. साहेबांना खूश करण्यासाठी शिकायचे नाही, आपला हक्क पडद्यावर वाचता यावा म्हणून शिकायचे.

बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांतील वाटा मागितला आणि त्याच निवेदनात विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी साहाय्यही मागितले. 1943 साली केंद्रीय नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा राखीव झाल्या, 1946 साली ते प्रमाण 12.5 टक्के झाले. कौशल्य आणि वाटा या दोन मागण्या त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. आज मात्र आपल्याला सांगितले जाते की कौशल्य घ्या, वाट्याचे बोलू नका. आणि आपल्यातले काही वाट्याचेच बोलतात, कौशल्याकडे पाहत नाहीत. दोघेही अर्धवट आहेत.

मग करायचे काय? प्रशिक्षणाची मागणी लेखी करा. ते कार्यालयीन वेळेत, सर्व संवर्गांना मिळाले पाहिजे आणि कोणाला मिळाले याची यादी फलकावर लागली पाहिजे. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: बिंदूनामावली नोंदवहीची प्रत, सुधारित आकृतिबंधाचा प्रस्ताव, आणि बाह्यस्रोताने भरलेली कामे कोणत्या मंजूर पदांची आहेत याची माहिती. मागासवर्ग कक्षाने बिंदूनामावली तपासल्याशिवाय एकही पद निरसित होऊ नये, ही मागणी प्रत्येक कर्मचारी संघटनेने ठरावाने करावी. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या संघटनांनी त्यातला एक वाटा विहारातल्या संगणक वर्गाला द्यावा. आणि कंत्राटी मुलांना संघटनेत घ्या. ते बाहेर राहिले तर उद्या तुमचीही खुर्ची त्याच दराने विकली जाईल.

1892 साली आपल्याकडे विनंतीअर्जाशिवाय काही नव्हते. आज संविधान आहे, कायदा आहे, आणि तो वाचणारी एक अख्खी पिढी आहे. बदलाशी आम्ही जुळवून घेऊ. पण त्या बदलानेही आमच्या हक्काशी जुळवून घेतले पाहिजे.

जय भीम!