संघ पेठेचा, मालक कोण?

खेळाच्या वेडाकडे तुच्छतेने पाहण्याची एक जुनी खोड पुरोगामी चळवळीला आहे. महागाईविरोधी मोर्चाला पन्नास माणसे जमत नाहीत आणि त्याच संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्याला हजारो लोटतात, हे पाहून कार्यकर्ता कष्टी होतो आणि जनतेला गुंगी चढली आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. निष्कर्ष सोपा आहे. तो खरा आहे काय, हे मात्र तपासून पाहिले जात नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत खेळाच्या मैदानालाच संघटनेची पहिली पायरी मानले गेले होते. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी मैदानाभोवती उभ्या असलेल्या माणसाचा विचार अधिक सहानुभूतीने करावयास हवा.

कोल्हापूरचे उदाहरण घेण्यासारखे आहे. येथे फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी तो आपलासा केला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे शहराच्या बोलण्यात रुळून गेली. शाहू स्टेडियमवर सामना असला की उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहिलेला कामगार, भाजीवाला आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा एकाच पायरीवर दाटीवाटीने बसतात. संघ त्यांनी निवडलेला नसतो. ज्या गल्लीत जन्म झाला तिने तो दिलेला असतो, आणि पुढे बिऱ्हाड उपनगरात गेले तरी माणूस संघ बदलत नाही. एकट्या शिवाजी पेठेत खंडोबा आणि शिवाजी असे दोन तुल्यबळ संघ असल्यामुळे एकाच पेठेत, प्रसंगी एकाच घरात, दोन निष्ठा नांदतात.

या निष्ठेच्या वाट्याला सुखापेक्षा दुःखच अधिक येते, हे बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. स्पर्धेत संघ अनेक असतात आणि चषक एकच. तेव्हा हंगाम संपताना बहुतेक सर्व पेठा हरलेल्याच असतात. चांगला खेळून संघ टायब्रेकरवर हरतो. वर्षभर जपलेला खेळाडू पुढच्या वर्षी दुसऱ्या तालमीच्या पोशाखात उतरतो आणि पहिला गोल आपल्यावरच करतो. पंचाने नाकारलेला गोल दहा वर्षांनी कट्ट्यावर पुन्हा तपासला जातो आणि प्रत्येक वेळी तो गोलच ठरतो. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर समोरच्या पेठेचा माणूस काही न बोलता नुसता हसला तरी ते झोंबते. घरी विचारले जाते की, या बावीस जणांच्या धावण्याने तुमच्या पदरात काय पडते? या प्रश्नाला समर्थकाजवळ उत्तर नसते. तो पुढच्या सामन्याला जातो. आणि एखाद्या वर्षी चषक पेठेत येतो, हलगी घुमते, गुलाल उधळला जातो. ज्याला कारखान्यात हजेरीपटावरच्या क्रमांकाने ओळखतात तो माणूस त्या रात्री विजयाचा भागीदार असतो. ही भागीदारी कल्पनेतली म्हणून हिणवण्याचे कारण नाही. संघ उभा राहतो तो त्याच्या वर्गणीवर, त्याच्या घशावर आणि त्याने चिखलातून वाहिलेल्या सामानावर. गणेशोत्सवात राबणारा, पुराच्या वेळी धावून जाणारा आणि मैदानावर ओरडणारा माणूस पेठेत बहुधा एकच असतो.

अर्थात, या चित्रावर डागही आहेत आणि ते झाकण्यात हशील नाही. पेठांमधील ईर्षा वारंवार हाणामारीवर गेली आहे. दगड भिरकावले गेले, पोलिसांना लाठी उगारावी लागली. त्यात आपल्याच शेजाऱ्याचे डोके फुटते. गॅलरीतील शिवराळ घोषणांमुळे घरची स्त्री मुलीला घेऊन तेथे बसण्यास कचरते. अर्धी पेठ अशा रीतीने संघाबाहेरच राहते. दुसरीकडे बक्षिसांच्या रकमा वाढल्या, त्यांच्यामागे पुढाऱ्यांचे फलक आले, आणि चषक जिंकण्याच्या घाईत बाहेरून, थेट नायजेरियासारख्या देशांतूनही, खेळाडू आणले जाऊ लागले. परक्या खेळाडूला पेठ मायेने वागवते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याला द्यावयाचा पैसा कोठून आला आणि पैसा देणाऱ्याने बदल्यात काय मागितले, हे वर्गणीदाराला कळत नसेल तर पेठेचा संघ हळूहळू कोणा एकाचा संघ होतो.

असा एकाचा झालेला संघ शेवटी कोठे जातो हे देशभर दिसले आहे. गोव्यात फुटबॉल गावोगावी रुजलेला. पण मोठे संघ खाणमालक आणि उद्योगपती घराण्यांच्या आश्रयावर उभे होते. २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगच्या नव्या रचनेचा निषेध म्हणून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे संघ तिच्यातून बाहेर पडले. मालकांचा रोष रास्त असेलही. पण पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या धेंपोच्या मागे आयुष्य घालवलेल्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने इतिहासजमा झाला. २०२५ मध्ये तर महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा तिढा सुटेना म्हणून इंडियन सुपर लीगचा हंगामच खोळंबला आणि काही क्लबांनी पगार रोखले. करार दोघांचा, नुकसान तिसऱ्याचे.

कोलकात्याच्या समर्थकांनी मात्र मुकाट्याने सोसले नाही. १९११ मध्ये ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानचा फुटबॉल विभाग २०२० मध्ये एका कंपनीच्या संघात विलीन करण्यात आला आणि शतकाहून जुन्या नावाआधी 'एटीके' ही अक्षरे चिकटवली गेली. समर्थकांनी तीन वर्षे निदर्शने केली. २०२३ मध्ये ती अक्षरे गेली. त्यांच्या जागी मालकाच्या क्रिकेट संघाशी जुळणारे शेपूट नावामागे लागले, तेव्हा विजय अर्धाच म्हणावा लागेल. पण भांडवलाला एक पाऊल मागे घ्यावे लागले, हे थोडे नव्हे.

याच शहरात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल होऊन सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. त्याच दोन संघांचा १८ ऑगस्ट २०२४ चा सामना सुरक्षेचे कारण देऊन रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टर स्त्रीवरील बलात्कार आणि तिच्या हत्येने तेव्हा शहर पेटले होते. सामना नसतानाही दोन्ही संघांचे समर्थक, सोबत मोहमेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले आणि एकमेकांच्या झेंड्यांखाली न्यायाची मागणी करीत त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. खेळाच्या वेडाने माणूस सार्वजनिक प्रश्नांपासून दूर जातो असे म्हणणाऱ्यांनी त्या संध्याकाळचा विचार करावा. ती माणसे कोणत्याही पक्षाने जमवलेली नव्हती. वर्षानुवर्षे परस्परांविरुद्ध घोषणा देताना त्यांना एकत्र उभे राहण्याची सवय लागली होती.

प्रेक्षकाला मालकीत वाटा देणे हे काही स्वप्नरंजन नाही. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, क्लबमधील बहुमताचा अधिकार सभासदांच्या संस्थेकडेच ठेवावा लागतो. धनिकाने पैसा घातला म्हणून मते विकत मिळत नाहीत. तेथे सर्व सुरळीत आहे असे नव्हे, पण निर्णय विचारून घ्यावे लागतात. कोल्हापूरच्या तालमींना हे परदेशातून शिकण्याची गरज नाही. तालीम मंडळ ही जात्याच सभासदांची संस्था आहे. जे आहे ते निसटू न देणे एवढेच काम आहे. फुटबॉल संघाचा जमाखर्च, देणगीदारांच्या नावांसह, दरवर्षी पेठेसमोर वाचला जावा. जायबंदी होणाऱ्या स्थानिक खेळाडूच्या उपचारासाठी बक्षिसाच्या रकमेतील ठरावीक हिस्सा बाजूला पडावा. मुलींचा संघ तालमीच्या नावाने उतरावा, म्हणजे गॅलरीतील भाषाही आपोआप सुधारेल. दंगा करणाऱ्याला पोलिसांआधी मंडळाने जाब विचारावा.

पेठांतील कार्यकर्त्यांपैकी कित्येक जण संध्याकाळी गॅलरीत असतातच, मग ते पक्षकार्यालयात काहीही सांगोत. मंडळाच्या येत्या सभेत हिशेबाचा विषय त्यांनीच काढावा, आणि तोही हंगामापूर्वी. एकदा सामने सुरू झाले की तालमीत दुसरे काही कोणाच्या कानावर पडत नाही.