डायलिसिस सुरू झाले, पथ्य मात्र जुनेच

मूत्रपिंडे निकामी होत असताना डॉक्टर प्रथिने कमी करायला सांगतात. घरातले वरण पातळ होते, अंडे बंद होते. पुढे डायलिसिस लागते, पण पथ्य तेच राहते. खोट इथे आहे. डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला रक्तातली काही ग्रॅम अमिनो आम्ले यंत्रातून वाहून जातात, म्हणून प्रथिनांची गरज उलट वाढते: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १ ते १.२ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. हे पातळ वरणावर कसे भागणार? अंड्याचा पांढरा भाग इथे उपयोगी, कारण त्यात फॉस्फरस कमी असतो. शाकाहारी रुग्णाला डाळ-पनीरचे माप आहारतज्ज्ञाकडूनच घ्यावे लागते.

भेटायला येणारे मात्र प्रेमाने शहाळे आणतात! त्यातले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते. ‘कमी सोडियमचे’ मीठही तितकेच फसवे, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते.

व्यायामाचे नाव काढले की घरचे घाबरतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खाटेवर काढणाऱ्याचे स्नायू आधीच झिजलेले असतात. डॉक्टरांच्या संमतीने, डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत पडल्या पडल्या पायाने पेडल मारता येते. फिस्टुलाचा हात तेवढा स्थिर ठेवायचा.

२०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने गरिबांना मोफत डायलिसिस देऊ केले. आता केंद्राची पाहणी करताना यंत्रांबरोबर आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट किती, हेही विचारले जावे.