‘म्हणून’ची जबाबदारी

नवोदितांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ असले जोडशब्द उडवा, वाक्ये सुटसुटीत होतील, दुवा वाचक लावून घेईल. शाळकरी निबंधांत ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ यांचा जो मारा असतो, त्याला विटून हा सल्ला निघाला असावा. त्या भरतीला माझाही विरोध आहे, कारण तिथे जोडण्याजोगे काही नसतानाच शब्द येतो. पण त्यासाठी जोडशब्दांवरच कुऱ्हाड चालवणे मला साफ नामंजूर आहे.

सुरतेची १९०७ सालची काँग्रेस घ्या. २७ डिसेंबरला गोंगाटातच रासबिहारी घोष अध्यक्ष म्हणून जाहीर झाले. टिळकांनी तहकुबीची सूचना मांडण्यासाठी आधीच चिठ्ठी पाठवली होती. ते व्यासपीठावर गेले. त्यांना बोलू दिले नाही. ते जागचे हलले नाहीत. मंडपातून जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडले.

ही वाक्ये मी मुद्दाम सुटी ठेवली. दुवा वाचक लावील खरा, पण आपापल्या पक्षाचा. मवाळ म्हणेल, टिळक हटले नाहीत म्हणून सभा मोडली. जहाल म्हणेल, चिठ्ठी दिली होती तरीही तोंड बंद केले, म्हणून मोडली. घटना त्याच, भांडण सगळे ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ यांचे! हे शब्द गाळणारा तटस्थ ठरत नाही. वाक्यांच्या क्रमातून तो मत सुचवतो आणि पुराव्याची जबाबदारी टाळतो. शब्द उघड लिहिला, की ‘कशावरून?’ असे त्याला विचारता येते. नुसता कालक्रम सांगताना ‘त्यानंतर’ खुशाल गाळा. कार्यकारण सांगताना मात्र पळवाट नको.

‘म्हणून’चा असा पुरावा सुरतेत त्याआधीही मागितला गेला होता. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच सुरतेत अध्यापन करत होते. दुर्गाराम मेहताजींसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तिथे १८४४ साली मानवधर्म सभा काढली. मंत्र म्हटला, रोगी बरा झाला. या दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवरच मांत्रिकाचा धंदा चालतो. तिथला न उच्चारलेला ‘म्हणून’ सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा, असेच सभेचे मांत्रिकांना आव्हान होते.