मिठाच्या पुडीवर तारीख लिहा
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सर्व रहिवाशांना जाहीर आवाहन



मिठाची नवी पुडी फोडाल त्या दिवशी पेनाने तिच्यावर तारीख घाला आणि ती किती दिवस पुरते ते मोजा. पुडी आधीच फोडलेली असेल तर उरलेले मीठ तोलून आजची तारीख लिहा. आमची मुख्य विनंती एवढीच आहे. ती का, ते पुढे सांगतो.

मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी दिलेली मर्यादाही हीच आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळे त्यातच बसवायचे. चार मोठ्या माणसांच्या घराला रोज २० ग्रॅम धरले, तर एक किलोची पुडी ५० दिवस पुरली पाहिजे. ती महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमांहून जास्त मीठ लागते आहे. लोणच्याला घातलेले मीठ हवे तर वजा करा, पण मग बाहेरचे खाणेही मोजा, कारण या हिशेबात ते धरलेलेच नाही.

जास्तीचे मीठ दुखत नाही, हीच खरी अडचण आहे. मिठातले सोडियम अंगात पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते, धमन्यांवर दाब चढतो, आणि हृदय व मूत्रपिंडे वर्षानुवर्षे हा भार वाहत राहतात. माणूस मात्र रोजची लोकल पकडत असतो. मग एक दिवस लकवा मारतो, आणि काल तर धडधाकट होता, असे आपण म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरील २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब असल्याचे किंवा त्याची औषधे चालू असल्याचे दिसले. उलट, रोजचे मीठ साडेचार ग्रॅमांच्या आसपास कमी केले तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा आकडा सरासरी पाच अंकांनी उतरतो. हे अनेक चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झाले आहे.

आपल्या देशात पोटात जाणारे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातच पडते. म्हणून पहिले मागणे घरच्यांकडे आहे, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे नव्हे. तिने मीठ कमी घातले की पहिल्याच घासाला ‘आळणी झालंय’ असे ऐकावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा सैल होतो. डॉक्टरांचा सल्ला आपल्या घरांत इथेच हरतो. तेव्हा घरातल्या पुरुषांना, सासू-सासऱ्यांना आणि मोठ्या मुलांना हात जोडून सांगणे आहे : महिनाभर हा शब्द तोंडातून काढू नका. ताटात डाव्या हाताला मीठ वाढायची पद्धत आहे, ते वाढू नका. जिभेला कमी मिठाची सवय काही आठवड्यांत होते. तोवर कोकम, चिंच, लिंबू, कैरी हाताशी आहेत. सिंधी कढी आणि कोकमाचे सार या दोन्हींची गोडी आंबटात आहे. आंबट नीट लागले की मीठ थोडे कमी असले तरी खटकत नाही.

आता पापड. उल्हासनगरात पापडाबद्दल बोलताना जपून बोलले पाहिजे, कारण तो नुसता खाण्याचा पदार्थ नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांतल्या बायकांनी पापड-लोणची करून संसार उभे केले. आजही पाहुण्यापुढे पाण्याच्या पेल्यासोबत पापड येतो. बदलापूर-अंबरनाथचे कितीतरी बचत गट उन्हाळाभर पापड-कुरडया आणि सांडगी मिरच्या करतात. हा धंदा बसावा असे कुणाला वाटेल? पण पापडात मीठ असते आणि वर पापडखार असतो, आणि खारातही सोडियमच असते. तळण्याऐवजी भाजला तर तेल वाचते, मीठ तेवढेच राहते. पापड करणाऱ्या भगिनींनो, पुढच्या घाण्याला मीठ दहाव्या हिश्शाने कमी करून पाहा. एवढा फरक गिऱ्हाइकाच्या जिभेला सहसा कळत नाही. काही महिन्यांनी पुन्हा तेवढेच उतरवा. खाणाऱ्यांनो, पापड पाहुण्यासाठी ठेवा, रोजच्या जेवणात नको.

स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्या दादांना विनंती, तळलेल्या मिरचीवर मीठ भुरभुरू नका, मागेल त्याला द्या. फरसाण-वेफर्सच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते : ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. एमआयडीसीत घाम गाळणाऱ्यांना जास्त मीठ लागते, असा समज पक्का आहे. पण नेहमीच्या जेवणात मीठ पुरेसे असते, आधी कमी पडते ते पाणी. भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. जुलाब होत असताना मात्र क्षारसंजीवनी द्यायचीच.

सैंधव घेतले म्हणजे सुटलो असे समजू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे आणि त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. मीठ आयोडीनयुक्तच घ्या, फक्त कमी घ्या. बाजारात कमी सोडियमचे मीठही मिळते, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधल्या ६०० गावांपैकी निम्म्या गावांत असे मीठ वापरून पाहिले, तेव्हा तिथे पक्षाघात बाकीच्या गावांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. परंतु मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. काही गोळ्यांसोबत पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाते.

मंडळांनो, भंडाऱ्याला, लंगरला, महाप्रसादाला पापड-लोणचे पानात आपोआप वाढू नका, बाजूला ठेवा. सोसायट्यांनी कार्यालयात रक्तदाब मोजायचे एक यंत्र आणून ठेवावे.

ज्यांचे वय तिशीपुढे आहे आणि ज्यांनी वर्षभरात रक्तदाब मोजलेला नाही, त्यांनी या आठवड्यात मोजून घ्यावा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचे छाया रुग्णालय आपलीच आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या चालू असतील तर मीठ कमी केले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. जाताना एकटे जाऊ नका. घरातल्या बाईला बरोबर न्या, ती स्वतःसाठी सहसा जात नाही, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा.