दोन सलीम असले म्हणजे एक बोगस नसतो

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात ‘सलीमभाई’ अशी हाक मारा, चार जण वळून बघतील. त्यातला एक मी. गल्लीत याची अडचण कधी झाली नाही. सलीम टेलर, सलीम मिस्त्री, बारका सलीम, अशी लोकांनी आपली सोय करून घेतली आहे. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर कधी चढली नाही.

अडचण सुरू होते ती सरकारी खिडकीवर. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जमिनीचे जुने कागद उर्दूत, नंतरच्या नोंदी मराठीत. आम्ही नाव लिहितो ‘शेख सलीम शेख रहीम’. सातबाऱ्यावर त्याचं ‘शे. सलीम शे. रहीम’ झालं, आधारवर ‘सलीम रहीम शेख’. सोयाबीनच्या पीक विम्याचा माझा अर्ज ‘नावात तफावत’ म्हणून परत आला. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, असं शपथपत्र करून द्यावं लागलं. दोन दिवस मोडले.

वर ऐकवलं जातं, ‘तुम्ही लोक सगळे एकच नाव का ठेवता?’ हा प्रश्न ज्ञानेश्वरला किंवा गणेशला कोणी विचारत नाही. विचारूही नये. ज्या श्रद्धेने घरोघरी ज्ञानेश्वर असतात, त्याच श्रद्धेने घरोघरी मोहम्मद असतात.

माणसांची नावं सारखी असतात, हे सरकारला ठाऊक आहे. म्हणून तर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीपासून १२ अंकी आधार क्रमांक वाटायला सुरुवात झाली. मग क्रमांक जुळत असताना नाव पुढेमागे झालं म्हणून अर्ज अडवता कशाला? आणि मतदार यादीत दोन सलीम दिसले की बोगस म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी वडिलांचं नाव, वय आणि फोटो तरी बघावा.

आता थोडं आपल्या लोकांना. मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं, आपण न वाचता सही केली, हेही खरं आहे. पोराला शाळेत घालताना आधार समोर ठेवा, अक्षर न् अक्षर तपासा. दाखल्यावरची चूक नोकरीपर्यंत पाठ सोडत नाही. स्पेलिंग जरूर सुधारा. पण खिडकीवरच्या साहेबाला सोपं जावं म्हणून आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं सोडू नका. चूक अर्जाच्या रकान्यात आहे, नावात नाही.