कॅसेटवाल्याची नोंद कुठेच नाही

मुंबईच्या काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ 2016च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याच्यावर एखाद्या ज्येष्ठ कलावंताच्या जाण्यावर लिहावेत तसे लेख लिहिले. 1948 साली सुरू झालेलं दुकान. तबकडी आधी ऐकायची आणि मग घ्यायची, अशी तिथे सोय होती. मैफलींची तिकिटंही तिथेच मिळत. बंद झाल्यावरही ते बातम्यांत राहिलं. जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, त्याचा बँक घोटाळा उघड झाल्यावर जागेवर जप्ती आली आणि 2025मध्ये 47 कोटी 84 लाख रुपयांना ती ‘भाने’ या कपड्यांच्या समूहाकडे गेली.

तिथून मध्य रेल्वेने 60 किलोमीटरच्या आसपास गेलं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर लागतं. 2011च्या जनगणनेनुसार या तिन्ही शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक माणसं राहत होती, आणि ही माणसंही गाणी विकत घेत होती. कॅसेटची छोटी दुकानं इथेही होती आणि बंदही झाली. कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

गाळा दहा बाय दहाचा, कधी त्याहून लहान. पाटी ठरलेली: ‘पसंतीची गाणी भरून मिळतील’. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचं. साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीसच मिनिटं. शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटू नये म्हणून दुकानदार यादी वरखाली करायचा, ‘हे बी साइडला टाकू’ म्हणायचा आणि जाता जाता गाण्याचा संगीतकारही दुरुस्त करून द्यायचा. तो काही संत नव्हता. हा धंदा बहुतांशी बेकायदाच होता आणि त्यातला एक रुपयाही गायकाला मिळत नव्हता. पुढे तीच पाटी ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी झाली. 2016मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा आला आणि ती पाटीही उतरली.

या दुकानांत हिंदी सिनेमा विकला जाई, तसा तो देशभर सगळीकडेच विकला जाई. या पट्ट्याचं वेगळेपण मागच्या फळीवर होतं. उल्हासनगर मुळात फाळणीनंतरच्या निर्वासितांची छावणी; 1949मध्ये तिला हे नाव मिळालं. इथल्या सिंधी घरांत लग्नातले लाडे, झुलेलालचे पंजडे, भगत कंवररामांच्या परंपरेतलं गाणं कॅसेटवर चालत असे. सिंधी 1967मध्ये आठव्या अनुसूचीत आली खरी, पण अरबी लिपी वाचता येणारी पिढी सरत गेली. ज्या नातवाला आजोबांचं पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत भाषा पोहोचते ती कानानेच.

उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधल्या सुभाष टेकडीसारख्या आंबेडकरी वस्त्यांमध्ये एप्रिल आला की भीमगीतांच्या कॅसेटी वाजत. गायक काही लांबचे नव्हते. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद-मिलिंद यांचं घर शेजारच्या कल्याणात. अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी गावांत हळदीची आणि एकविरेची गाणी, वेसावकर मंडळींच्या कॅसेटी, नंतर व्हीसीडी. कोकणातून येऊन राहिलेल्यांसाठी डबलबारी भजनं, म्हणजे दोन बुवांचा सामना. बुवाची चाल कॅसेटवरून उचलायची, दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात टाळ-ढोलकीवर बसवायची, असं करणारी भजनी मंडळं या मार्गावर होती.

हे गाणं बाजारात आलं तेच मुळी कॅसेटमुळे. तबकडीच्या काळात एचएमव्हीच्या दारात उभं राहावं लागे आणि तिथे डबलबारीला कोण विचारणार! 1983मध्ये गुलशन कुमार यांची टी-सीरिज आली, किमती कोसळल्या आणि गल्लीबोळात कंपन्या उभ्या राहिल्या. थोड्या पैशांत एखाद्या बुवाची, एखाद्या गायन पार्टीची कॅसेट निघू लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने 1993मध्ये भारतातल्या या उलथापालथीवर ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्या कंपन्यांतल्या कितीतरी आज नाहीत. त्यांनी काय काढलं हे सांगू शकला असता तो दुकानदार.

‘सगळं यूट्यूबवर आहे की’ हे उत्तर हमखास येतं. बरंच आहे, हे मान्य. हौशी लोकांनी जुन्या कॅसेटी चढवल्या म्हणून काही आवाज उरले. पण तिथे गीतकाराचं नाव नसतं, साल नसतं, ढोलकी कुणाची तेही नसतं. खातं बंद पडलं की गाणंही गेलं. अमेरिकेत तबकड्या परतल्या, 2022मध्ये तिथे संख्येने सीडीपेक्षा त्याच जास्त खपल्या, याचंही कौतुक होतं. ती लाट आपल्याकडच्या हौशींपर्यंत आली, तरी डबलबारीच्या सामन्याची तबकडी कुणी काढणार नाही.

मग हे जपायचं कुणी? 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना वाली मिळाला. मुंबईत 1990मध्ये संग्राहकांची संस्था उभी राहिली आणि सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने त्या कामात कितीतरी वर्षं घातली. गल्लीतल्या कॅसेटला असा माणूस भेटलेला नाही. 1954च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांत जमा करावी लागते. ध्वनिमुद्रण त्या कायद्यात नाही. फ्रान्समध्ये ते जमा करणं सक्तीचं आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकं मोजतात, नियतकालिकं मोजतात. कॅसेटींचं कपाट ठेवणाऱ्या ग्रंथपालाच्या पदरात काय पडणार?

वेळ तर फारच कमी आहे. चुंबकीय फिती आणि त्या वाजवणारी यंत्रं, दोन्ही संपत चालली आहेत. युनेस्कोने 2019मध्ये इशारा दिला तेव्हा जगभरचे जाणकार 2025 ही हद्द धरून चालले होते. ती उलटली. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी लवकर धरते. आणि ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क 60 वर्षांचा. 1988मध्ये निघालेली कॅसेट मोकळी होणार 2048 संपल्यावर.

तरी स्वामित्वहक्काच्या कायद्यात एक फट आहे. 2012च्या दुरुस्तीनंतर बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत साठवता येते. अट एकच, मूळ प्रत आधी ग्रंथालयाकडे हवी. म्हणजे पहिलं काम कॅसेटी गोळा करण्याचं, आणि त्याला मोठा निधी लागत नाही. माळ्यावरच्या पिशव्या, बंद दुकानांच्या मागच्या फळ्या भंगारवाल्याकडे जाण्याआधी मागून घ्यायच्या, बस्स. तिन्ही शहरांच्या नगरसंस्थांनी आणि ग्रंथालयांनी हे एकत्र करावं. अंबरनाथला प्राचीन शिवमंदिराच्या आवारात आर्ट फेस्टिव्हल होतो, नामवंत गायक येतात, मैदान भरतं. तिथे एक टेबल कॅसेटी जमा करायला टाकावं आणि त्यामागे मानधन देऊन एखाद्या जुन्या कॅसेटवाल्याला बसवावं. कव्हर हरवलेली फीत लावून आवाज ओळखणं, कंपनी आणि साल सांगणं आणि ते चिठ्ठीवर लिहून घेणं, हे काम त्याच्याइतकं पटकन कोणाला जमणार?